पुढील आदेशापर्यंत वाट बंद

संपदा मगदूमने सव्विसाव्या वेळी 'मुदतवाढ' या चौकोनावर बोट टेकवलं आणि बेलंकूरच्या तलावाच्या बांधावरची वाट आणखी पंधरा दिवस बंद झाली.

तेरा महिने होत आले होते. बांध मातीचा, सव्वादोन किलोमीटर लांब. त्याच्या माथ्यावर नगरपरिषदेने सिमेंटच्या फरश्या बसवून वाट केली होती. एका अंगाने चालणारे, दुसऱ्या अंगाने सायकलवाले. एकेकाळी सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव त्या वाटेवर असायचं. आता दोन्ही टोकांना कुलूप होतं आणि कुलपाच्या वर पत्र्याची पाटी: 'धोका पातळी पिवळी. पुढील आदेशापर्यंत वाट बंद.'

तो आदेश दर पंधरवड्याला यंत्र काढायचं. त्यावर माणसाचं बोट लागायचं, ते संपदाचं. तलाव सुरक्षा कक्षात ऑपरेटरच्या दोन जागा होत्या, पण दुसरी कधी भरलीच गेली नाही.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. सासूला ती आत्या म्हणायची. त्या भागातली रीतच तशी.

"केलीस सही?" विजयमालाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"केली, आत्या."

"बरं."

एवढंच. दर पंधरवड्याला एवढंच बोलणं व्हायचं, आणि संपदाला त्यापेक्षा भांडण परवडलं असतं. विजयमालाबाई पंचावन्नाव्या वर्षी त्या बांधावर सायकल शिकल्या होत्या. गावातल्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर आणि वाळूचे डंपर. तिथे कोण बाई शिकणार? बांधावर मात्र गाडी नाही, घोडं नाही. अकरा दिवस त्या पडल्या. बाराव्या दिवशी पाय न टेकता पलीकडच्या टोकाला पोचल्या आणि तिथे उतरून एकट्याच हसत बसल्या. नवरा गेल्यानंतर त्यांना असं हसताना संपदाने पहिल्यांदा पाहिलं होतं. त्यानंतर चार वर्षं एक दिवस चुकला नाही. आता ती सायकल पडवीत जुन्या चादरीखाली उभी होती. आत्या तक्रार करत नसत. त्या फक्त गप्प होत गेल्या होत्या.

*

बांधाच्या पोटात, फरशीखाली हातभर खोल, काचेचा एक बारीक तंतू पुरलेला होता. त्यातून दर सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठिपका धावायचा. वाटेतल्या प्रत्येक मीटरवरून त्या प्रकाशाचा इवलासा भाग मागे परतायचा. जमीन जराशी थरथरली, तरी परतणाऱ्या प्रकाशात फरक पडायचा. म्हणजे बांधाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक कान बसवला होता म्हणा ना.

पण नुसत्या कानाने काय होणार? बाजारात कलिंगड घेताना आपण त्यावर टिचकी मारतो, तेव्हा कुठे आतलं कळतं. बांधावरच्या टिचक्या म्हणजे लोकांची पावलं आणि फरशांच्या सांध्यांवर आपटणारी सायकलींची चाकं. प्रत्येक ठोक्याची लहर मातीत उतरायची. घट्ट मातीतून ती भरकन जायची, भुसभुशीत ओल्या मातीत रेंगाळायची आणि पोकळीत हरवायची. दिवसभरातल्या हजारो ठोक्यांवरून यंत्र बांधाच्या आतलं चित्र काढायचं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्या चित्रात मध्यावर, अकराशे चाळीस मीटरपाशी, लहर जरा रेंगाळलेली दिसली. यंत्राने पिवळी पातळी दाखवली. वाट पंधरा दिवस बंद केली गेली. इंजिनीअर आले, त्यांनी भोक पाडून पाहिलं, काही सापडलं नाही. सिमेंट ओतून ते गेले. नियम असा होता की वाट उघडायची असो की धोक्याचा भोंगा वाजवायचा असो, यंत्राची खात्री नव्वद टक्के हवी. तेवढी ती झाली नाही. म्हणून मुदतवाढ. मग आणखी एक. पडद्यावर रोज सकाळी आजची तारीख आणि खाली हिरव्या अक्षरात एकच ओळ यायची: 'बदल नाही.'

मुदतवाढीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, पडद्याचा एक कोपरा अचानक लुकलुकला. संपदाने कॅमेरा लावला. पूर्वेच्या कुंपणाची तार तुटली होती आणि कुणाच्या तरी पाच-सहा म्हशी निवांतपणे बांधावरून चालल्या होत्या. तिला हसू आलं. वॉचमनला फोन करून तिने म्हशी हाकलायला सांगितल्या.

हसू ओसरलं ते नंतर. म्हशी चालल्या तेवढाच शंभर-सव्वाशे मीटरचा पट्टा चित्रात नव्याने रंगला होता. रंग ताजे, रेषा स्वच्छ. बाकीचा बांध त्याच्याशेजारी धुरकट दिसत होता. तिने धुरकट भागावर बोट ठेवून आतली माहिती उघडली. आजवर तिला तशी गरजच पडली नव्हती.

'शेवटची नोंद: १४ ऑक्टोबर, गेले वर्ष. खात्री: एकतीस टक्के.'

तिने दुसरा मीटर उघडला. तिसरा. शंभरावा. सगळीकडे तेच.

वाट बंद झाली त्या दिवशी ठोके थांबले होते. यंत्र तेरा महिने आंधळं होतं. रोज सकाळी ते तेच जुनं चित्र काढायचं, त्याच चित्राशी ताडून पाहायचं आणि प्रामाणिकपणे सांगायचं, बदल नाही.

खिडकीतून समोर तलाव दिसत होता, काठोकाठ भरलेला. आणि बांधाच्या पायथ्याशी तळपेठ: चार हजार माणसं, यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेड, आणि पहिल्याच ओळीत तिचं स्वतःचं घर.

*

कोळेकर साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तलाव सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांची दोन वर्षं उरली होती. माणूस वाईट नव्हता, पण कागदाशिवाय श्वास घेत नसे.

"बांधावर माणूस पाठवायचा तर धोका कमी असल्याचा दाखला लागतो," ते म्हणाले.

"दाखला यंत्र देतं साहेब. आणि यंत्राला माणूस लागतो."

कोळेकरांनी चष्मा काढून पुसला. "कळतंय मला. मी वर लिहितो. त्यांच्याकडे जमीन ठोकायची मशीन असते. तीन आठवड्यांत येईल."

"आणि तोवर?"

"तेरा महिने काही झालं नाही ना? तीन आठवडे होतंय काय?"

*

गुरुवारी दुपारी ती जेवायला घरी गेली, तेव्हा आत्यांनी ताट वाढायच्या आधी तिला परसात बोलावलं.

"हे बघ. परवापासनं येतंय."

धुण्याच्या दगडाशेजारी, बांधाकडच्या भिंतीच्या बुडाशी, जमिनीतून पाणी उमळत होतं. बोटभर धार. संपदा खाली बसली. तिने ओंजळ भरली आणि पाणी बोटांतून गळू दिलं. तळहातावर मऊ, तांबूस गाळ राहिला.

प्रशिक्षणातली एकच गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाणी नितळ असेल तर झोप घ्यावी. पाणी गढूळ आलं, तर ते बांधाचं पोट खातंय. कण कण माती बाहेर काढत, पायथ्याकडून तलावाकडे ते उलटं बीळ कोरत जातं. बाहेरून काही दिसत नाही. बीळ तलावाला भिडलं की मग तासांचा हिशेब.

तिने कोळेकरांना फोन लावला. "उद्या सकाळी माणसं पाठवतो बघायला," ते म्हणाले. ती शेजारच्या लोखंडेवहिनींच्या दारात गेली. वहिनी माग चालू ठेवूनच ओरडल्या, "अगं, वर्ष झालं तुमची पिवळी पाटी बघतोय. रोज उठून पळायचं काय?"

ती परत आली. आत्यांनी तिला पाटावर बसवलं. "नीट सांग. त्या यंत्राला काय पायजे?"

संपदाने सांगितलं. कलिंगडाची टिचकी सांगितली, नव्वद टक्के सांगितले. ठोके पडतील तसं लगेच चित्र काढायची सोय फक्त कक्षातल्या पडद्यावर, तिथे तिला स्वतःला बसावं लागेल, हेही सांगितलं.

"म्हंजे वर कुणीतरी दुसरं फिरायला पायजे."

"हो."

"मग मी जाते. सायकल हाय की."

"नाही आत्या!"

"मग कुणाला धाडतीस? वॉचमनला? त्याला दोन लेकरं हायत."

"तुम्हाला काही झालं तर मी सुकुमारला काय सांगू?" सुकुमार, तिचा नवरा, दूरच्या शहरात फाउंड्रीत होता, शनिवारी यायचा.

विजयमालाबाई उठल्या, पडवीत गेल्या. चादर ओढून काढल्याचा आवाज आला. मग पंप मारल्याचा. "आपणहून गेली म्हणून सांग," त्या बाहेरूनच म्हणाल्या. "तू धाडलंस म्हणू नको."

*

पावणेचारला त्या तुटक्या कुंपणातून आत शिरल्या. संपदाच्या कानात फोन होता आणि समोर पडदा.

"निघाले बघ."

पडद्यावर उजेडाचा एक ठिपका उमटला. मग त्यापुढे दुसरा. फरशीचा सांधा, फरशीचा सांधा. ठिपक्यांची माळ सरकत गेली आणि तिच्या मागे धुरकट बांध स्वच्छ होत आला. शंभर मीटर, घट्ट. चारशे, घट्ट.

"फरशीत गवत केवढं माजलंय गं! आणि वारा काय सुटलाय!" आत्यांचा आवाज हसरा होता. तेरा महिन्यांत संपदाने तो ऐकला नव्हता.

आठशे, घट्ट. हजार, घट्ट. अकराशे.

अकराशे छत्तीसला माळ तुटली. ठोका पडत होता, पण त्याची लहर खाली जाऊन परतच येत नव्हती. चित्रात काळा डाग उगवला आणि आत्यांच्या चाकाबरोबर वाढत गेला. पाच मीटर. दहा. एकोणीस मीटरनंतर बांध पुन्हा घट्ट झाला. काळ्या डागाच्या वर फरशी आणि तिच्याखाली मातीचा जेमतेम कमरेएवढा थर उरला होता.

आत्या पलीकडे पोचल्या होत्या. कोपऱ्यात आकडा थांबला: खात्री, एकाहत्तर टक्के.

मागे दार वाजलं. कोळेकर साहेब. वॉचमनने त्यांना कळवलं असावं. ते रागाने काही बोलणार होते, पण पडदा पाहून जागीच थबकले.

"साहेब, हाताने वाजवायच्या भोंग्याची किल्ली तुमच्याकडे आहे."

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "एकाहत्तर आहे, संपदाताई. नियम नव्वदचा. चार हजार माणसं रस्त्यावर काढली, चेंगराचेंगरी झाली, आणि हे खोटं निघालं तर?"

"तर मग आणखी फेऱ्या लागतील. त्याच जागेवरून. तुम्ही सांगा त्यांना." तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

कोळेकरांनी फोन हातात घेतला नाही.

फोनमधून आवाज आला. "संपदा? खाली काय दिसतंय?"

तिला वाटलं, नीट दिसलं नाही म्हणावं. फक्त चित्र पुसट आलंय, एवढंच म्हणावं.

"पोकळ आहे, आत्या. अकराशे छत्तीसपासून पुढे एकोणीस मीटर."

"किती मोठं?"

"आपलं स्वयंपाकघर मावेल एवढं."

"माणूस आत जाईल?"

"माहीत नाही."

मग आत्या म्हणाल्या, "किती फेऱ्या?"

"दोन तरी. ठोका जितका जड, तितकं लवकर होईल. आत्या, परत फिरा, त्याच जागेवरून."

"थांब जरा. कॅरियरला धोंडा बांधते."

दुसऱ्या फेरीचे ठिपके ठळक होते. काळ्या डागाच्या कडा धारदार झाल्या. तो आता एकोणीस मीटर राहिला नव्हता. तेवीस झाला होता. तिच्या डोळ्यांदेखत. आकडा चढला: चौऱ्याऐंशी.

"इकडच्या अंगाला आले गं," आत्या धापा टाकत म्हणाल्या. "घर दिसतंय. लोखंडेंच्या दारात पोरी खेळत्यात."

संपदाने डोळे मिटले. आता उतरल्या असत्या, तर त्या दहा मिनिटांत घरी असत्या.

"आणखी एक, आत्या."

ठिपका वळला.

अकराशे सेहेचाळीसवर फोनमध्ये काहीतरी खचल्याचा आवाज झाला, फरशीवर लोखंड घासल्यासारखा, आणि पडद्यावर एकच प्रचंड ठोका उमटला. पांढरा, रुंद. मग रेषा सपाट झाली. फोन बंद पडला.

कोपऱ्यातला आकडा त्र्याण्णव झाला. संपूर्ण पडदा लाल झाला आणि बेलंकूरच्या छपरांवरून भोंगा वाजू लागला.

"आत्या? आत्या!"

कोळेकर तिच्या आधी धावले. जिन्यावरून खाली, गाडीत नाही, पायीच, तळपेठेकडे. नंतर लोकांनी सांगितलं की तो जाडजूड माणूस दारं बुक्क्यांनी ठोकत, रडत, घर न घर उठवत फिरला. संपदाला खुर्ची सोडता येत नव्हती. कुठली गल्ली आधी रिकामी करायची, हे पोकळीच्या दिशेवरून ती फोनवर सांगत होती, आणि सांगताना तिची नजर त्या सपाट रेषेवर होती. पुन्हा एखादा ठोका. हाताचा, पायाचा, कसलाही. काही आलं नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी बांध फुटला. तेव्हा तळपेठेत कुणी नव्हतं. सगळे शाळेच्या माळावर उभे होते आणि आपापली घरं शोधत होते. पहिली ओळ एका दमात गेली. माणूस एकही गेला नाही. दावणीची जनावरं गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, वीस किलोमीटरचा वळसा घालून, संपदा पलीकडच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात पोचली. मागचं चाक खचलं तेव्हा विजयमालाबाईंनी सायकल सोडून पुढे अंग टाकलं होतं. सायकल आणि धोंडा खाली गेला. मनगट मोडलं होतं, गुडघे सोलले होते. त्या रांगत पश्चिमेच्या टोकाला पोचल्या होत्या; खचलेल्या जागी तंतू तुटल्यामुळे त्यांचं रांगणं पडद्यावर उमटलंच नव्हतं. रात्री निरोप आला, तेव्हा संपदा शाळेच्या ओसरीवर कोसळून रडली होती.

"सुकुमारला काय सांगितलंस?"

"मी पाठवलं म्हणून सांगितलं."

विजयमालाबाई छताकडे पाहत होत्या. "पयल्या फेरीलाच तुला कळलं हुतं न्हवं? खाली काय हाय ते."

"हो."

"तरी त्यावरनंच परत फिरा म्हणालीस."

"हो."

"मी न्हाई म्हटलं असतं तर?"

येताना गाडीत संपदाने पुष्कळ उत्तरं जुळवली होती. ती सगळी तिने टाकून दिली.

"पुन्हा विचारलं असतं," ती म्हणाली.

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पण रोज एका ताटात जेवणाऱ्या माणसाकडे पाहावं, तशीही ती नजर नव्हती. ही नजर आता कायमची, हे संपदाला कळलं.

फोन वाजला. कोळेकरांचा आवाज बसलेला होता. शेजारच्या दोन जिल्ह्यांत असे चौदा बांध होते. सगळ्यांवरच्या वाटा बंद. कुठे आठ महिने, कुठे बावीस. सगळीकडे हिरवी अक्षरं: बदल नाही. तलाव सगळे भरलेले. ठोकायच्या मशीन दोनच. सर्वांत जुना बांध तासाभराच्या अंतरावर होता आणि तिथे चालायला कुणी तयार नव्हतं. बेलंकूरची बातमी सगळ्यांनी पाहिली होती.

"मी चालते," संपदा म्हणाली.

तिने फोन खाली ठेवला, तेव्हा आत्या उठून बसल्या होत्या.

"तिथं पडद्याम्होरं कोण बसणार?"

"तिथली ऑपरेटर. नवीन आहे. घाबरली आहे म्हणे."

"लाव तिला."

"कशाला, आत्या?"

"लाव म्हणते न्हवं."

संपदाने नंबर मिळवून लावला. विजयमालाबाईंनी चांगल्या हातात फोन घेतला. पलीकडे कुणी कोवळ्या आवाजात 'हॅलो' म्हणालं.

"माझी सून येतीया तुमच्याकडं," आत्या म्हणाल्या. "वर चालताना ती विचारंल, खाली काय दिसतंय म्हणून. खरं सांग. आणि खाली पोकळ दिसूनबी परत फिरा म्हणायची पाळी आली, तर म्हण. माझी सून हाय म्हणून थांबू नको."

फोन संपदाच्या हातात देताना त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.